यान उतरलं, मग पुढं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात इस्रोच्या पुष्पक यानाच्या, म्हणजे परत वापरायच्या पंखवाल्या यानाच्या, लँडिंगवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आले, आणि बहुतेकांचं विचारणं एकच होतं की बाबा उतरलं ते ठीक, पण तेच यान पुन्हा उडवायचं म्हटलं तर मधल्या काळात त्याचं काय काय करावं लागते? मला हा प्रश्न लय आवडला. टीव्हीवर उड्डाण दाखवतात, लँडिंग दाखवतात, टाळ्या होतात आणि कॅमेरा बंद होते, अन् जे लोक पुढचे कित्येक आठवडे त्या यानाच्या पोटाखाली उभे राहून काम करतात त्यांचं कोणी नाव घेत नाही. म्हणून यावेळचं अख्खं सदर त्या कामालाच दिलं. सारखे प्रश्न एकत्र केले, भाषा तुमचीच ठेवली.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ ले आमच्या तालुक्यात लाडबोरीले आकाशातून भली मोठी लोखंडी रिंग पडली होती, सारं गाव पाहाले गेलं होतं. रॉकेट परत वापरता येते म्हणतेत, मग हे असं आमच्या डोक्यावर काऊन पाडतेत? अन् पुन्हा काही पडलं तं हात लावावं का?
– एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

भाऊ, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, पोलीस पाटलाला सांगा, तहसीलला कळवा. त्या वेळी तुमच्याच तालुक्यात पवनपारला धातूचा गोळासुद्धा सापडला होता, असे गोळे म्हणजे रॉकेटमधल्या दाबाच्या टाक्या असतात आणि काही टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश राहू शकते.

आता पहिला प्रश्न. तो तुकडा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा असावा, असा अंदाज जोनाथन मॅकडॉवेल या अमेरिकेतल्या खगोलतज्ज्ञांनी तेव्हाच दिला होता. इथं समजून घ्यायची गोष्ट ही की रॉकेटचे सगळे टप्पे, म्हणजे एकावर एक रचलेले भाग, सारखे नसतात. खालचा टप्पा वर जाऊन लवकर सुटते, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ चा खालचा टप्पा सुटते तेव्हा वेग ताशी ८ हजार किलोमीटरच्या आसपास असते. वरच्या टप्प्याला मात्र ताशी २८ हजारच्या पुढं जावं लागते नाहीतर उपग्रह कक्षेत राहणारच नाही. वेग साडेतीन पट झाला की ऊर्जा बारा पट होते, आणि परत यायचं म्हटलं की ही सगळी ऊर्जा समोरची हवा दाबली जाऊन उष्णता म्हणून बाहेर पडते. म्हणजे वरचा टप्पा धड परत आणायचा तर त्याला उष्णतेचं कवच पाहिजे, उतरण्यासाठी वेगळं इंधन पाहिजे, आणि हे वजन वाढलं की तेवढा उपग्रह कमी. म्हणून फाल्कनचासुद्धा खालचाच टप्पा परत येते, वरचा दरवेळी नवा. बरेच देश काम संपल्यावर वरचा टप्पा ठरवून समुद्रात पाडतात. तुमच्याकडचा तुकडा तसा न पाडता वर्षभर फिरत राहिला आणि शेवटी जिथं वाट सापडली तिथं आला, हे चुकीचंच आहे आणि त्याबद्दल गावकऱ्यांना राग आला असेल तर तो बरोबर आहे.

प्रश्न : सर, स्पेस शटल परत वापरण्यासाठीच बनवलं होतं ना? मग दोन उड्डाणांच्या मध्ये त्याला इतके महिने का लागायचे? विमान तर उतरल्यावर तासाभरात परत उडते.
– इयत्ता नववीची विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

बेटा, नासाला पण सुरुवातीला असंच वाटलं होतं. १९७० च्या दशकात त्यांचं गणित होतं की शटल उतरलं की १६० तासांच्या कामात पुन्हा तयार, म्हणजे दोन आठवड्यांचा हिशोब. प्रत्यक्षात सगळ्यात लवकर झालं ते अटलांटिस नावाच्या शटलचं, ३ ऑक्टोबर १९८५ ला उडालं आणि परत २६ नोव्हेंबरला, दोन उड्डाणांमध्ये ५४ दिवस. १९८६ च्या चॅलेंजर शटलच्या अपघातानंतर तपासण्या वाढल्या आणि मग ८८ दिवसांच्या खाली कधी आलंच नाही, ते ८८ पण १९९७ मध्ये कोलंबिया शटलची मोहीम मध्येच थांबवावी लागली आणि तेच सामान, तेच अंतराळवीर घेऊन पुन्हा पाठवलं म्हणून जमलं.

इतका वेळ कुठं जायचा ते सांगतो. शटलचं अंग ॲल्युमिनियमचं, आणि परत येताना बाहेरचं तापमान पोटाकडच्या भागावर साडेबाराशे अंशांपर्यंत जायचं, पंखांच्या कडांवर आणि नाकावर तर त्याहून जास्त. ॲल्युमिनियम एवढ्यात वितळून जाईल. म्हणून अंगावर टाइल चिकटवलेल्या, नंतरच्या यानांवर साधारण २४ हजार. या टाइल शुद्ध वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या बारीक तंतूंच्या, आणि त्यांचा ९० टक्के भाग नुसती हवा. भट्टीतून लालभडक काढलेली टाइल कोपऱ्यांना धरून उघड्या हातानं उचलता येते, इतकी हळू ती उष्णता सोडते. पण ठिसूळ. पावसातून यान नेलं तर थेंबांच्या मारानंच टाइल खराब व्हायची.

आता उतरल्यानंतरचं काम बघ. यान ओढत कॅनेडी स्पेस सेंटरच्या हँगरमध्ये आणायचे, चारही बाजूंनी मचाणं लागायची, आणि माणसं पोटाखाली उभी राहून एकेक टाइल बघायची. तडा आहे का, कोपरा उडाला का, शेजारच्या टाइलपेक्षा वर आली का, मधली फट रुंद झाली का. ही फट आणि उंची मोजून लिहायची, कारण एक टाइल थोडी जरी वर उचललेली असली तर परतीच्या वेळी तिच्यामागची हवा खवळते आणि तिथं उष्णता वाढते. खराब टाइल काढायची तर नवी टाइल दुकानात मिळत नाही, जवळपास प्रत्येक टाइलचा आकार वेगळा आणि नंबर वेगळा, म्हणजे त्या जागेचं माप घेऊन तीच टाइल घडवायची, खाली नायलॉनसारख्या कापडाचा नमदा, त्यावर सिलिकॉनचा गोंद, मग दाब देऊन सुकू द्यायची आणि शेवटी ओढून बघायची की पक्की बसली का.

आणि एवढं करून झालं नाही. टाइलमध्ये पाणी शिरू नये म्हणून एक औषध भरलेलं असायचं, ते परतीच्या उष्णतेत जळून जायचं. म्हणून दर उड्डाणानंतर हजारो टाइलमध्ये, एकेका टाइलमध्ये, बिनसुईच्या पिचकारीनं ते पुन्हा भरावं लागायचं. ते केलं नाही तर फ्लोरिडाच्या दमट हवेत टाइल पाणी पिणार, वजन वाढणार, वर जाऊन त्या पाण्याचा बर्फ होणार आणि टाइल तडकणार. मला विचारशील तर शटलची सगळी कहाणी त्या पिचकारीत आहे. यान बनवणाऱ्यांनी उष्णतेचं कोडं इतकं सुंदर सोडवलं, पण ते दर वेळी कोणाच्या तरी हातानं पुन्हा सोडवावं लागेल याचा हिशोब कमी धरला.

इंजिनांचं पण तसंच. तीन मुख्य इंजिनं, आत उणे २५३ अंशाचं द्रव हायड्रोजन आणि हातभर अंतरावर ३,३०० अंशांची आग, मध्ये पंप फिरतात मिनिटाला ३५ हजारच्या आसपास फेऱ्यांनी. नंतरच्या काळात दर उड्डाणानंतर तिन्ही इंजिनं खाली उतरवून वेगळ्या शॉपमध्ये नेत. बाजूचे दोन मोठे घन इंधनाचे बूस्टर पॅराशूटनं समुद्रात पडायचे, जहाजं त्यांना ओढून आणायची, खारं पाणी धुवून काढायचं, भाग सुटे करायचे आणि रेल्वेनं उटा राज्यात पाठवायचे, तिथं पुन्हा इंधन भरून परत. फक्त मधली मोठी नारंगी टाकी दरवेळी नवी. असं करत करत १९८१ ते २०११ मध्ये शटलची १३५ उड्डाणं झाली, त्यातली ३९ एकट्या डिस्कव्हरीची.

आता नवीन यानवाल्यांनी यातून काय घेतलं तेही बघ. स्पेसएक्सच्या नव्या स्टारशिप यानाचं अंग ॲल्युमिनियमचं नाही, स्टेनलेस स्टीलचं आहे जे जास्त उष्णता सोसते, टाइल साधारण १८ हजार आहेत पण बऱ्याचशा एकाच मापाच्या षटकोनी आणि बहुतेक पिनांवर बसवलेल्या, म्हणजे बदलणं सोपं. अजून चाचण्याच चालू आहेत आणि टाइल गळतातच, पण दिशा बरोबर आहे असं मला मनापासून वाटते.

प्रश्न : कल्पना चावलाच्या यानाची उडण्याआधी तपासणी झाली नव्हती का? इतकी माणसं कामाला असून असं कसं झालं? माझ्या मुलीचं नाव आम्ही तिच्यावरूनच ठेवलं आहे.
– एक गृहिणी, कारंजा, जि. वाशीम

ताई, तपासणी झाली होती. कोलंबियाचं ते २८ वं उड्डाण, १६ जानेवारी २००३ ला उडालं आणि उडाल्यावर ८० सेकंदांच्या आसपास त्या नारंगी टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला, वजन पाऊण किलोच्या घरात, आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. ती कड कार्बनच्या खास साहित्याची, तिला भोक पडलं. यान १६ दिवस वर होतं आणि आत कोणालाही काही जाणवलं नाही. १ फेब्रुवारीला परत येताना त्या भोकातून तापलेला वायू पंखात शिरला.

मला या घटनेत सगळ्यात लागते ते हे की फोम आदळल्याचं व्हिडिओत दिसलं होतं आणि काही इंजिनिअरांनी उपग्रहाच्या कॅमेऱ्यानं पंखाचे फोटो काढा म्हणून मागणी केली होती, ती वरच्यांनी मान्य केली नाही. फोम आधीच्या उड्डाणांतही सुटायचा, टाइलला खड्डे पडायचे, यान सुखरूप परत यायचं, म्हणून तो "मेंटेनन्सचा विषय" ठरून गेला होता, म्हणजे उतरल्यावर दुरुस्त करू. परत परत वापरायच्या यंत्रात हा धोका मोठा आहे ताई, यंत्र दरवेळी थोडं जखमी होऊन परत येते आणि माणसाला त्या जखमेची सवय होते. १९८८ मध्ये अटलांटिस ७०० पेक्षा जास्त टाइल खराब होऊन परतलं होतं, एक टाइल तर पूर्णच गेली होती, नशिबानं तिच्याखाली जाड धातूची पट्टी होती. ते पाहून सगळं थांबायला पाहिजे होतं असं माझं ठाम मत आहे.

कोलंबियानंतर नियम बदलला. जुलै २००५ पासून यान वर असतानाच लांब दांड्यावर कॅमेरा आणि लेझर लावून पंखांच्या कडा बघायचे, आणि अंतराळ स्थानकाजवळ गेलं की यान सावकाश कोलांटी मारायचं म्हणजे स्थानकातले लोक पोटाचे फोटो काढतील. तपासणी हँगरमधून थेट कक्षेत गेली. हे मुलीला नक्की सांगा.

प्रश्न : अंतराळवीर समुद्रात उतरतेत त्याचा व्हिडिओ पाह्यला. बोट जवळ जाते पण दार काही लवकर खोलत नाही, मास्क घातलेले लोक आधी चहूकडून हुंगल्यासारखं मशीन फिरवतेत. काय भेव असते त्याईले?
– एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

दादा, विषाचं. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यानं काय भोगलं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. फवारणी झाल्यावर पंप रिकामा दिसते, पण नळीत, लान्समध्ये, नोझलमध्ये औषध असतेच आणि धुताना तेच अंगावर येते. यानाचं अगदी हेच आहे. अवकाशात यान इकडे-तिकडे वळवायला जे छोटे थ्रस्टर असतात त्यात मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी वापरतात. दोन्ही एकमेकांना भिडले की आपोआप पेटतात, काडी लागत नाही, स्पार्क लागत नाही, म्हणून अवकाशात भरवशाची. पण श्वासात गेली तर फुप्फुसं जाळणारी. १९७५ मध्ये अपोलो-सोयूझ मोहिमेतून परत येताना तिघा अमेरिकन अंतराळवीरांच्या केबिनमध्ये टेट्रॉक्साइडची वाफ शिरली होती, तिघांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. २ ऑगस्ट २०२० ला स्पेसएक्सचं ड्रॅगन यान माणसं घेऊन पहिल्यांदा समुद्रात उतरलं तेव्हाही यानाबाहेर ही वाफ लागली आणि दार उघडणं लांबवलं होतं. म्हणून आधी मशीन फिरवून बघतात.

आता परत वापरायचं म्हटलं की हेच काम दसपट होते. एकदा वापरून फेकायचं यान असलं तर सुरक्षित करून संग्रहालयात ठेवलं की झालं. इथं मात्र नळ्या, व्हॉल्व्ह, टाक्या सगळं रिकामं करायचं, वायू फुंकून साफ करायचं, पुन्हा गळती तपासायची, आणि हे सगळं अंगभर सीलबंद सूट घालून, आत वेगळी हवा पुरवलेली, कारण साध्या मास्कनं भागत नाही. शटलच्या वेळी अशा कामासाठी वेगळी इमारतच होती. त्यात समुद्राचं खारं पाणी. मीठ कुठल्या फटीत जाऊन बसेल आणि कधी गंज धरेल सांगता येत नाही, म्हणून बाहेरचं आवरण काढून आत पाहावं लागते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मार्च २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावर जाऊन आलेलं ड्रॅगन यान २० एप्रिल २०१९ ला जमिनीवर इंजिनाची चाचणी घेताना फुटलं. आत कोणी नव्हतं, कोणाला इजा झाली नाही. चौकशीत निघालं की एका व्हॉल्व्हमधून थोडंसं टेट्रॉक्साइड मागं हेलियमच्या नळीत गळालं होतं, इंजिन चालू करायच्या क्षणी हेलियमचा जोराचा दाब आला, तो द्रव गोळीसारखा टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळला आणि टायटॅनियमच पेटलं. मग तिथले ते व्हॉल्व्ह काढून एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवल्या, ज्या वापराची वेळ येईपर्यंत पूर्ण बंद राहतात. विचार करा, जमिनीवर ती चाचणी झाली नसती तर हे माणसं आत असताना कळलं असतं.

प्रश्न : मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, आता रिटायर. आमचा अनुभव असा की गाडी जितकी खोलाल तितकी बिघडते. यानवाले दरवेळी सगळं खोलतेत का? कोणचं खोलायचं कोणचं नाही हे ठरवते कोण?
– एक वाचक, पुसद

काका, तुमचा अनुभव नासाला २३ जुलै १९९९ ला आला. कोलंबिया उडाल्यावर पाचच सेकंदांत शॉर्टसर्किट झालं आणि दोन मुख्य इंजिनांचे कंट्रोलर गेले, प्रत्येक इंजिनाला दोन कंट्रोलर होते म्हणून दुसऱ्यावर चाललं नाहीतर फार वाईट झालं असतं. उतरल्यावर शोधलं तर काय निघालं, एका स्क्रूच्या डोक्यावर बारीकशी धातूची कुसळ होती आणि वायर तिच्यावर घासून घासून आतली तार उघडी पडली होती. मग सगळी शटल थांबवून किलोमीटरच्या किलोमीटर वायरिंग हातानं तपासलं, आणि जिथं जिथं वायर खराब निघाली तिथं बरंचसं नुकसान आकाशात झालेलं नव्हतं, कामगारांचे पाय, गुडघे, हत्यारं लागून जमिनीवर झालेलं होतं. त्यानंतर वायरींवर संरक्षक नळ्या घातल्या, धारदार कडांना रबर लावलं, कुठं पाय ठेवायचा नाही हे ठरवून दिलं.

त्यामुळे आता कल असा आहे की न खोलता बघा. इंजिनात बारीक कॅमेऱ्याची नळी घालून पात्यांवर तडे बघतात, अल्ट्रासाउंड आणि एक्स-रे लावतात, उड्डाणात सेन्सरनं नोंदवलेला दाब, तापमान, कंपन आधीच्या उड्डाणाशी ताडून बघतात, एखाद्या पंपाचं कंपन जरासंही बदललं तर तोच काढायचा, बाकीचे नाही. काही भागांना उड्डाणांची मुदतच ठरलेली असते, चांगला दिसत असला तरी मुदत झाली की बदलायचा. आणि प्रत्येक भागाची वही असते, कुठल्या धातूच्या कुठल्या लॉटमधून बनला, किती वेळा तापला, कोणी बसवला, बोल्ट किती टॉर्कनं आवळला, कोणी तपासून सही केली. ठरवते ती वही काका, आणि ती वही खरी लिहिणारा माणूस.

प्रश्न : फाल्कन रॉकेट उतरते तेव्हा काळंकुट्ट असते. धुवत का नाहीत?
– एक कॉलेज विद्यार्थी, चिखली, जि. बुलडाणा

ती काजळी आहे मित्रा. फाल्कनमध्ये रॉकेलचंच शुद्ध रूप जळते, उतरताना रॉकेट स्वतःच्याच धुरात शिरते. तिच्यामुळे उड्डाणाला अडथळा येत नाही म्हणून बाहेरची काजळी पूर्ण घासत बसत नाहीत, जिथं सांधे आणि वेल्ड तपासायचे तिथं साफ करतात. जपावं लागते ते इंजिनाच्या आत, तिथं रॉकेलचा कार्बन साचते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पहिला बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, उतरला, तोच पुन्हा उडवला नाही, वापरलेला बूस्टर पहिल्यांदा ३० मार्च २०१७ ला उडाला. मे २०१८ मध्ये ब्लॉक ५ नावाची सुधारित आवृत्ती आली, पाय घडी करून परत मिटता येतात, शेपटीकडचं कवच मजबूत केलं, दिशा देणाऱ्या जाळीच्या पंख्या टायटॅनियमच्या. आता काही बूस्टर ३० च्या वर उड्डाणं करून बसलेत आणि मार्च २०२५ मध्ये एक बूस्टर नऊ दिवसांच्या आसपास परत उडाला. स्टारशिपवाल्यांनी तर रॉकेल सोडून मिथेन घेतला, तो काजळी जवळपास धरतच नाही. हा निर्णय इंजिन बनवताना झाला पण फायदा धुणाऱ्याला झाला, मला हे फार पटते.

प्रश्न : आमच्याकडं पाखरं पिकाचं नुकसान करतात तसं रॉकेटचं करतात का?
– इयत्ता सातवी, अचलपूर

करतात! १९९५ च्या मे-जूनमध्ये डिस्कव्हरी लाँच पॅडवर उभं होतं तेव्हा सुतार पक्ष्यांच्या जोडीनं नारंगी टाकीच्या फोममध्ये २०० च्या आसपास भोकं पाडली. त्यांना वाटलं झाड आहे. यान परत आत नेऊन फोम भरावा लागला आणि उड्डाण १३ जुलैला झालं. नंतर घुबडांच्या खोट्या बाहुल्या लावल्या.

प्रश्न : आपलं पुष्पक तीनदा उतरलं म्हणता, ते एकच यान होतं का वेगवेगळी? आणि ते खरंच अवकाशात जाऊन आलं का?
– एक शिक्षिका, ता. साकोली, जि. भंडारा

मॅडम, अवकाशातून नाही आलं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं ते साडेचार किलोमीटर उंच नेलं, सोडलं, आणि पुढं त्यानं स्वतःच रनवे शोधून उतरायचं, ही परीक्षा होती. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ अशा तीन वेळा झाली. तिसऱ्या वेळी मुद्दाम रनवेच्या ५०० मीटर बाजूला सोडलं, वारा पण होता, तरी ते मधोमध उतरलं. उतरताना वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर, मोठं प्रवासी विमान २६० च्या आसपास उतरते, म्हणजे चाकांवर आणि पायांवर किती मार बसत असेल बघा, मग पॅराशूट उघडून वेग १०० वर आणला आणि ब्रेक लावले.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मुलांना मजा येईल. पहिल्या वेळचं अंग आणि आतली उपकरणं तपासून, प्रमाणपत्र घेऊन, दुसऱ्या वेळी वापरली. पहिल्या लँडिंगमध्ये काय दिसलं त्यावरून सांगाडा आणि लँडिंग गिअर आधी मजबूत केलं. आणि तिसऱ्या वेळी तेच अंग काहीही न बदलता. परत वापरायची शिस्त इस्रोनं अशी लँडिंगच्या टप्प्यापासूनच लावली याचं मला फार कौतुक वाटते, कारण दरवेळी नवं बनवणं कदाचित सोपं पडलं असतं पण मग जखम कशी शोधायची हे कोणी शिकलं नसतं.

उष्णतेचा भाग वेगळा शिकणं चालू आहे. जानेवारी २००७ मध्ये इस्रोनं ५५० किलोची एक कुपी १२ दिवस कक्षेत ठेवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली, तिच्यावर सिलिकाच्या टाइल होत्या. २३ मे २०१६ ला पंखवाल्या यानाचं पहिलं उड्डाण ६५ किलोमीटर उंचीपर्यंत झालं, ते समुद्रात उतरवलं होतं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नव्या मोठ्या रॉकेटला मंजुरी दिली, ते खालच्या कक्षेत ३० टन नेईल आणि त्याचा खालचा टप्पा परत वापरायचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी आयटीआयला फिटर ट्रेड करते. लोक म्हणतेत पोरीले कायले फिटर. असल्या कामात तिचा कुठं नंबर लागू शकते का, का हे सगळं मोठ्या इंजिनिअरांचंच?
– एक पालक, ता. मूल, जि. चंद्रपूर

भाऊ, वर वाचलं ना, टाइल बघणारी, वायर तपासणारी, बोल्ट आवळून सही करणारी माणसं कोण होती? बहुतेक टेक्निशियन. पोरीला फिटर करताय ते अगदी बरोबर करताय.

इस्रोमध्ये टेक्निशियन-बी नावाचं पद असते, त्याला दहावी आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय लागते, फिटर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, टर्नर असे ट्रेड निघतात. डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंट असते, त्याला फर्स्ट क्लास पाहिजे. जाहिराती एकत्र येत नाहीत, तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई केंद्र, श्रीहरिकोटा, महेंद्रगिरी अशी केंद्रं आपापल्या वेबसाइटवर काढतात, म्हणून महिन्यातून एकदा तरी बघायची सवय लावा. लेखी परीक्षा होते, मग हातानं काम करून दाखवायची स्किल टेस्ट. परगावी राहायची तयारी लागते, भाषा वेगळी, जेवण वेगळं, हे आधीच घरात बोलून घ्या.

घराजवळ राहायचं असलं तर नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचं एमआरओ, म्हणजे देखभाल-दुरुस्ती केंद्र, आहे, तिथं मोठी विमानं तपासणीला येतात आणि तिथली शिस्त हीच, वही, सही, टॉर्क, कॅमेऱ्याची नळी. विमान देखभालीचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, देते, त्याचा कोर्स वेगळा करावा लागते आणि खर्च बराच असते, तो नीट चौकशी करूनच करा, भरमसाट फी मागून नोकरीची हमी देणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यापेक्षा आयटीआय झाल्यावर एनडीटीचा, म्हणजे वस्तू न तोडता आतला तडा शोधायचा लेव्हल एक आणि दोनचा कोर्स तिला करू द्या, त्याला कारखान्यांमध्ये पण मागणी आहे. आणि आतापासून एक गोष्ट तिच्या हाताला लावा, जॉब झाला की माप वहीत लिहायचं, जे आलं तेच लिहायचं, जुळवून लिहायचं नाही. आयटीआयच्या प्रॅक्टिकलमध्ये पोरं हमखास जुळवतात. स्किल टेस्ट घेणारे मापच तपासतात.